दुसऱ्याच्या विजयाची आशा

इंग्लंडच्या पूर्व भागात, हंबर नदीच्या विशाल मुखाशी वसलेल्या हल या बंदराचे त्याच नावाच्या एका लहान नदीने दोन भाग केले आहेत, आणि या दोन भागांची मने ज्या एका बाबतीत शंभराहून अधिक वर्षे जुळलेली नाहीत ती बाब म्हणजे रग्बी लीगचा खेळ. नदीच्या पश्चिमेस काळ्या-पांढऱ्या पोषाखाचा हल एफ.सी. हा संघ, पूर्वेस लाल-पांढऱ्या पोषाखाचा हल किंगस्टन रोव्हर्स. पहिल्याची स्थापना १८६५ ची, दुसऱ्याची १८८२ ची. पश्चिमेकडच्या घरात जन्मलेल्या मुलाला आपला संघ निवडण्याची मुभा क्वचितच मिळते. जमिनीची मिरास बापाकडून मुलाकडे जावी तशी ही निष्ठा त्याच्याकडे चालत येते, आणि तिच्याबरोबर तिच्यावरचे जुने कर्जही येते. या दोन संघांची वर्षातील एक गाठ बहुतेक वेळा गुड फ्रायडेला पडत आली आहे. ज्या दिवशी ख्रिस्ती लोक आपल्या प्रभूच्या वधस्तंभावरील मृत्यूचे स्मरण करतात, ज्या दिवशी चर्चमधील वेदीवरचे वस्त्र काढून घेतलेले असते आणि घंटा वाजत नाहीत, त्याच दिवशी या शहरातील सहस्रावधी लोक गळ्याला आपापल्या संघाच्या रंगाचे उपरणे गुंडाळून मैदानाकडे निघतात. त्यांतील बहुसंख्य आज चर्चमध्ये जात नसतील. तरीही आशा हा जो धर्मविचारातील एक अत्यंत गहन विषय आहे, तो त्या दिवशी त्यांच्या ठिकाणी इतक्या उघड्या स्वरूपात पाहावयास मिळतो की, त्याचा विचार करण्यास याहून योग्य स्थळ मला सुचत नाही.

२०२४ च्या गुड फ्रायडेपूर्वीची पश्चिमतीरावरची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. आदल्या वर्षी, ७ एप्रिल २०२३ रोजी, याच पवित्र दिवशी हल एफ.सी.ने स्वतःच्या मैदानावर रोव्हर्सकडून ४०–० असा पराभव पत्करला होता. २०२४ च्या हंगामाचा आरंभच या दोन संघांच्या सामन्याने झाला, आणि त्याच मैदानावर, त्याच प्रेक्षकांसमोर, पुन्हा शून्य विरुद्ध २२ असा निकाल लागला. त्या रात्री पश्चिमेच्या दोन खेळाडूंना लाल कार्ड दाखवून बाहेर काढण्यात आले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ मार्चला, हा संघ नदी ओलांडून रोव्हर्सच्या क्रेव्हन पार्कवर जावयाचा होता. कोणत्याही समंजस माणसाने मागील जमाखर्च पाहून या सामन्याचे भाकीत आधीच लिहून ठेवावे अशी ही अवस्था होती, आणि ते भाकीत खरेही ठरले असते, कारण हल एफ.सी. तो सामना हरला, आणि त्या संपूर्ण हंगामातील २७ सामन्यांपैकी त्याला अवघे ३ जिंकता आले. तरीही सामन्याच्या आदल्या दिवशी पश्चिमेकडे आशा नव्हती असे म्हणणे असत्य होईल. डर्बीत, म्हणजे एकाच शहरातील दोन संघांच्या सामन्यात, काहीही घडू शकते, मागचे आकडे डर्बीला लागू होत नाहीत, एवढेच दोन शब्द हे लोक एकमेकांना सांगतात. आणि सांगणाऱ्यालाही ऐकणाऱ्याप्रमाणेच ठाऊक असते की, मागचे आकडे डर्बीला बहुधा लागू होतात.

तेव्हा प्रश्न असा आहे की, ही आशा म्हणजे नेमके काय आहे? ती जर भविष्याविषयीचे अनुमान असेल, तर ते सदोष अनुमान आहे आणि विवेकी माणसाने ते सोडून द्यावे. ती जर केवळ इच्छा असेल, तर तिला आशा हे भारदस्त नाव देण्याचे प्रयोजन नाही. आणि ती जर प्रार्थना असेल, तर नदीच्या दुसऱ्या तीरावरूनही त्याच क्षणी उलट अर्थाची प्रार्थना त्याच परमेश्वराकडे जात आहे, हे विसरून कसे चालेल?

आशेविषयी थोरांची मते अनुकूल नाहीत. भर्तृहरीने वैराग्यशतकात तिला नदीची उपमा दिली आणि ती पार करून पलीकडे गेलेल्या योग्यांनाच आनंदी म्हटले. स्पिनोझाने आपल्या १६७७ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिशास्त्रात असे प्रतिपादले की, जिच्या निष्पत्तीविषयी आपण साशंक आहोत अशा गोष्टीच्या कल्पनेतून उपजणारा अस्थिर हर्ष म्हणजे आशा. म्हणून जेथे आशा आहे तेथे भय असलेच पाहिजे, आणि जो बुद्धीच्या अनुरोधाने जगू इच्छितो त्याने या दोहोंच्या अंमलातून शक्य तितके मुक्त व्हावे. हे विवेचन मी आदराने वाचतो, आणि मैदानावरच्या शेवटच्या दहा मिनिटांत माणसांच्या मुद्रा ज्याने पाहिल्या आहेत त्याला यातील पहिल्या भागाची सत्यता पटवून द्यावी लागत नाही. परंतु या दोन्ही विचारवंतांनी ज्या आशेचा निषेध केला आहे ती मनुष्याची स्वतःच्या लाभाविषयीची आशा आहे. हलच्या प्रेक्षकाला त्या सामन्यातून काय मिळावयाचे असते? वेतन त्याला मिळत नाही, चषक त्याच्या घरी जात नाही, आणि विजयाचा जो आनंद त्याच्या वाट्याला येतो तो त्याने पूर्वी भोगलेल्या दुःखाच्या बेरजेशी तोलता इतका अल्प असतो की, निव्वळ लाभासाठी कोणीही हा व्यवहार पत्करणार नाही.

येथे गीतेचा विचार साहजिकच मनात येतो. कर्माचा अधिकार आपला, फळाचा नव्हे, हा सिद्धान्त आपल्याकडे बालपणापासून कानी पडतो, आणि लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात तो इतक्या विस्ताराने उलगडला आहे की, फलाशा सोडणे म्हणजे उद्देशच सोडणे नव्हे, हेही सुशिक्षित मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. परंतु हा उपदेश ज्याच्या हाती धनुष्य आहे त्याला आहे. ज्याला कर्म करावयाचे आहे तो फळावरून दृष्टी काढून ती कर्मावर स्थिर करू शकतो. तेरा खेळाडूंपैकी प्रत्येकाला, आपल्या अंगावर धावत येणाऱ्या माणसाला खाली पाडणे, चेंडू सांभाळणे, सहाव्यांदा अडवले जाण्यापूर्वी तो शक्य तितका पुढे नेणे, एवढे ऐंशी मिनिटांचे कर्म नेमून दिलेले असते, आणि पराभवाच्या छायेतही तो त्यात बुडून जाऊ शकतो. प्रेक्षकाने कोठे बुडावे? त्याच्या घोषाने खेळाडूंना बळ येते हे खरे. पण तेवढे वगळता त्याला कर्माचाही अधिकार नाही आणि फळाचाही नाही. कर्म आणि फळ या दोन्हींच्या बाहेर तो उभा आहे, आणि तरीही त्या दोहोंविषयी खेळाडूइतकाच, कदाचित अधिक, व्याकुळ आहे. या अवस्थेचा विचार कर्मयोगाच्या चौकटीत पुरता बसत नाही, आणि म्हणूनच मला तिच्यासाठी दुसरीकडे पाहावे लागले.

तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस या डोमिनिकन तत्त्ववेत्त्याने आशेची जी मीमांसा केली आहे ती येथे फार उपयोगी पडते. त्याच्या मते आशेच्या विषयाला चार लक्षणे असावी लागतात: तो विषय इष्ट असावा, भावी असावा, दुष्प्राप्य असावा आणि तरीही संभाव्य असावा. सुलभ गोष्टीची आपण आशा धरीत नाही, वाट पाहतो. असंभाव्य गोष्टीची आशा धरता येत नाही, केवळ हळहळता येते. आशेला विरोधी अशी दोन पातके तो सांगतो. एक नैराश्य, म्हणजे जे दुष्प्राप्य आहे त्याला असंभाव्य मानून पाठ फिरवणे. आणि दुसरे दर्प, म्हणजे जे दुष्प्राप्य आहे त्याला आपल्या हक्काचे समजणे. दुर्बळ संघाच्या अनुयायाला पहिल्या पातकाचा मोह असतो हे सर्वांना दिसते. बलाढ्य संघाच्या अनुयायाला दुसऱ्याचा मोह असतो हे कमी लोकांच्या ध्यानात येते. परंतु या मीमांसेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग निराळाच आहे. एका माणसाला दुसऱ्याच्या परमसुखाची आशा धरता येईल काय, असा प्रश्न अक्वायनस उपस्थित करतो. दुष्प्राप्याकडे धाव घेणे हा ज्याचा त्याचा व्यापार असल्यामुळे सकृद्दर्शनी उत्तर नकारार्थी येते. आशा स्वतःसाठीच असू शकते. पण, तो पुढे सांगतो, प्रेमाने जर दुसऱ्याशी ऐक्य झाले असेल, तर त्या दुसऱ्याला आपणच समजून त्याच्यासाठीही आशा धरता येते. अर्थात त्याच्या मनात मोक्षाचा विषय होता, चेंडूचा नव्हे. आणि या दोहोंतील अंतर पुसून टाकण्याचा माझा हेतू नाही. तरी मनाच्या व्यापाराचे त्याने दाखवलेले स्वरूप दोन्ही ठिकाणी एकच आहे असे मला वाटते. दुसऱ्यासाठी आशा धरण्याचा जामीन केवळ प्रेम हा आहे. प्रेम नसेल तर प्रेक्षकाचे विजयाविषयीचे बोलणे भाकितापलीकडे जात नाही, आणि प्रेम असेल तर भाकीत काहीही सांगो, आशा उपजल्यावाचून राहत नाही.

हे मान्य केले म्हणजे संभाव्यतेचा मुद्दाही निराळा दिसू लागतो. जो आपला आहे त्याच्या बाबतीत दहांत एक शक्यता आणि शंभरांत एक शक्यता यांत हिशेबाने जो फरक पडतो तो प्रेमाच्या दृष्टीने पडत नाही. शक्यतेचे दार पूर्ण बंद झाले नाही एवढे त्याला पुरते. हलच्या पश्चिमतीरावरील लोकांना हे सामन्यांपेक्षा पुष्कळच कठोर रीतीने शिकावे लागले आहे. हल एफ.सी.चे जुने मैदान, बुलेव्हार्ड, हे १८९५ पासून हेसल रोड या वस्तीच्या कुशीत होते, आणि ती वस्ती आर्क्टिक समुद्रात मासेमारीला जाणाऱ्या खलाशांची होती. जानेवारी आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये सेंट रोमॅनस, किंगस्टन पेरिडॉट आणि रॉस क्लीव्हलँड ही हलची तीन जहाजे पाठोपाठ बुडाली आणि ५८ माणसे गेली. तिसरे जहाज आइसलँडच्या एका खाडीत बर्फाच्या भाराने कलंडले, तेव्हा त्यावरील सर्वच गेले असे मानण्यात आले. घरोघर मृत्यूची वार्ता पोहोचली. आणि त्यानंतर त्यांतला एकजण किनाऱ्यावर जिवंत सापडला. या घटनेचा अर्थ मी पुष्कळ वेळा मनात घोळवला आहे. ज्या एका घरी तो परत आला त्या घरची आशा इतर ५८ घरांतील आशेहून अधिक उत्कट होती, अथवा त्या घरची प्रार्थना अधिक शुद्ध होती, असे म्हणण्याचे धार्ष्ट्य कोण करील? समुद्राने कोणाच्याही अंतःकरणाची कैफियत विचारली नाही. आशेच्या तीव्रतेने फळ मिळते हा समज ज्याला टिकवावयाचा असेल त्याला त्या ५८ घरांच्या दारात उभे राहून तो मांडता आला पाहिजे, आणि मला वाटते तो तेथे मांडता येणार नाही.

पण म्हणून ती आशा व्यर्थ होती काय? त्याच दिवसांत हेसल रोडवरच्या बायकांनी, लिलियन बिलोका यांच्या पुढाकाराने, दहा हजार सह्यांचा अर्ज तयार केला, गोदीवर जाऊन निघणाऱ्या जहाजांची अडवणूक करण्याचा प्रयत्न केला, लंडनला जाऊन मंत्र्यांपुढे आपली फिर्याद मांडली, आणि सेंट रोमॅनसवर नव्हता तसा रेडिओचालक प्रत्येक जहाजावर असलाच पाहिजे यासह सुरक्षिततेच्या कित्येक मागण्या मान्य करून घेतल्या. ज्यांची माणसे परत येणार नव्हती अशा घरांतूनही या चळवळीला बळ मिळाले. ते बळ पुढे समुद्रावर जाणाऱ्या दुसऱ्यांच्या माणसांसाठी होते. जिला कर्माची वाट मिळाली ती आशा येथे कर्म झाली. मैदानावरच्या प्रेक्षकाला ही वाट नाही, आणि त्याच्या आशेची या आशेशी बरोबरी करणे अनुचित होईल. परंतु तो ज्या लोकांमध्ये वाढला आहे त्यांनी आशा ही निकालाची हमी नाही हे फार मोठे मोल देऊन जाणले होते, आणि तरी ती सोडली नव्हती, एवढे ध्यानात घेतल्यावाचून त्याची आशा समजणार नाही. या खेळाचा जन्मही अशाच कष्टकरी लोकांच्या एका साध्या मागणीतून झालेला आहे. शनिवारी खेळण्यासाठी काम बुडवणाऱ्या मजुराला बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी की नाही या तंट्यातून उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात सभा भरवून आपली निराळी संघटना काढली, आणि हल एफ.सी. त्या संस्थापकांपैकी एक होता.

आता या आशेची काळी बाजूही पाहिली पाहिजे, कारण प्रेमाचा उल्लेख केल्याने सर्व काही शुद्ध होत नाही. १९५९ मध्ये हल एफ.सी. चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यासाठी प्रथम लंडनच्या वेंब्ली मैदानावर गेला आणि हरला. १९६० मध्ये हरला. ३ मे १९८० रोजी, सारे हल रिकामे करून ९५,००० लोकांसमोर झालेल्या सामन्यात, प्रत्यक्ष रोव्हर्सकडूनच १०–५ असा हरला. १९८२ मध्ये तेथे बरोबरी झाली आणि चषक मिळाला तो लीड्सला पुन्हा झालेल्या सामन्यात. त्यानंतर १९८३, १९८५, २००८ आणि २०१३ मध्येही वेंब्लीत त्याच्या पदरी पराभवच आला. तुम्ही वेंब्लीवर कधीच जिंकणार नाही, असे एक गाणेच पूर्वतीरावर रूढ झाले. विरुद्ध बाजूच्या पराभवाने आनंद होणे हा खेळाचा स्वाभाविक धर्म आहे, त्याला माझी तक्रार नाही. परंतु दुसऱ्याने कधीच आशा धरू नये अशी इच्छा करणे ही निराळी गोष्ट आहे. तेथे आपली आशा दुसऱ्याच्या नैराश्यावर जगू लागते, आणि असे गाणे दोन्ही तीरांवर गायिले गेले आहे. २७ ऑगस्ट २०१६ रोजी हल एफ.सी.ने वॉरिंग्टनला १२–१० असे हरवून वेंब्लीवर पहिला विजय मिळवला. अगदी अखेरीस गोलरेषेवर झेपावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या हातून डॅनी हाउटनने चेंडू निसटवला आणि ५७ वर्षांची प्रतीक्षा संपली. त्यानंतर पाच आठवड्यांनी रोव्हर्स आपल्याच मैदानावर, जादा वेळेत, सॅल्फर्डकडून एका गुणाने हरून वरच्या वर्गातून खाली घसरला. पश्चिमेकडे त्या दिवशी हर्ष झाला असणार, आणि त्या हर्षातील कोणता भाग आपल्या यशाचा होता आणि कोणता शेजाऱ्याच्या हानीचा, याचा ताळेबंद ज्याने त्याने मांडावा.

ज्या आशेच्या पोटी वैर आहे ती देवापुढे नेता येत नाही असे माझे मत आहे, आणि दोन तीरांवरून जाणाऱ्या परस्परविरोधी प्रार्थनांच्या प्रश्नाचे उत्तरही मला येथेच सापडते. आमचा विजय होवो, ही प्रार्थना एका तीराहून केली की दुसऱ्या तीरावर ती खोटी पडते. परंतु आमच्या मुलांना आज त्यांच्या बळाचा शेवटचा अंश खर्च करता येवो, त्यांना भय न वाटो, आणि हरले तरी आम्हांला त्यांच्याकडे पाठ फिरवावीशी न वाटो, ही प्रार्थना दोन्ही तीरांवरून एकाच वेळी केली तरी तिच्यात विरोध उत्पन्न होत नाही. गुड फ्रायडेच्या दिवशी ती अधिकच शोभते. रविवारचे पुनरुत्थान आपल्याला ठाऊक आहे म्हणून आपण त्या शुक्रवाराला शुभ म्हणतो. त्या दिवशी टेकडीखाली उभ्या असलेल्यांना ते ठाऊक नव्हते. शिष्यांपैकी बहुतेक पळून गेले होते. काही स्त्रिया उभ्या राहिल्या होत्या. त्यांना काही घडवून आणता येत नव्हते आणि काही मिळावयाचेही नव्हते. ख्रिस्ती परंपरेने त्या केवळ उभ्या राहण्याला जे मोल दिले आहे, ते पाहता प्रेक्षकाच्या असहाय उपस्थितीलाही धर्मविचारात काही स्थान असावे असे मला वाटते.

हलमध्ये असा एक मनुष्य होऊन गेला की ज्याच्यासाठी दोन्ही तीरांनी आशा धरली. कार्डिफमध्ये जन्मलेला क्लाइव्ह सलिव्हन हा कृष्णवर्णीय खेळाडू १९६१ मध्ये हल एफ.सी.कडे आला, त्या संघासाठी त्याने २५० ट्राय केले, म्हणजे तितक्या वेळा गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला, १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या संघाचे नेतृत्व करून विश्वचषक जिंकला, नंतर नदी ओलांडून रोव्हर्सकडे गेला, १९८० च्या त्या सामन्यात आपल्या जुन्या संघाविरुद्ध खेळून विजयी झाला, आणि पुन्हा पश्चिमेस परतून १९८२ चा चषक जिंकणाऱ्या संघातही उभा राहिला. १९८५ मध्ये, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्याचा अंत झाला. पश्चिमेकडून शहरात येणाऱ्या मुख्य रस्त्याला त्याचे नाव देण्यात आले, आणि त्यावर कोणत्याही तीराने हरकत घेतली नाही.

राहिला तो पूर्ण झालेल्या आशेचा प्रश्न. २०१६ मध्ये घसरलेला, मग पुन्हा वर आलेला आणि २०२० मध्ये तळाशी राहूनही साथीच्या वर्षामुळे वरच्या वर्गात टिकलेला रोव्हर्स २०२५ च्या जूनमध्ये वॉरिंग्टनला ८–६ असे हरवून चषक जिंकला, आणि ही चाळीस वर्षांतील त्याची पहिली मोठी जीत होती. त्याच हंगामात तो साखळीत अव्वल आला आणि ऑक्टोबरमध्ये विगनला २४–६ असे नमवून अंतिम सामन्याचाही मानकरी ठरला. जे काही जिंकावयाचे होते ते सारे एका वर्षात पदरी पडले. अक्वायनस म्हणतो की, स्वर्गस्थांना आशा नसते, कारण जे प्राप्त झाले त्याची आशा धरता येत नाही. तेथे प्रेम तेवढे उरते. पण पूर्वतीरावरचे लोक स्वर्गस्थ नाहीत, प्रत्येक नव्या हंगामात सर्व संघांचे गुण शून्यावर येतात, आणि चाळीस वर्षे नैराश्याशी झुंजलेल्या या माणसांपुढे आता इतक्या वर्षांनी प्रथमच त्या दुसऱ्या पातकाचा, दर्पाचा, मोह उभा आहे. तेव्हा पश्चिमेच्या दुर्बळ संघाशी त्यांची गाठ पुढल्या गुड फ्रायडेला पडेल त्या वेळी दोहोंपैकी आशा धरणे कोणाला अधिक कठीण जाईल, हे मला निश्चयाने सांगता येत नाही.